गाडीत पडलेली अंगठी, नथ किंवा मणी कसा शोधायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीला मूळ घरी जाताना, जत्रेला निघताना, लग्नाहून रात्री परतताना गोव्यात अंगावरचं बरंचसं सोनं गाडीतच काढलं-घातलं जातं. त्यात कुडीची फिरकी सुटते, नथीचा मोती निखळतो, बाळाच्या बिंदल्या सीटच्या फटीत जातात. बंद गाडीत पडलेली वस्तू सहसा गाडीतच असते. ती तुटते किंवा कायमची जाते ती नंतरच्या घाईत, म्हणून पुढची उत्तरं शोधण्याच्या क्रमाने दिली आहेत : आधी हात न लावता बघणं, मग सोपी जागा, आणि पाना अगदी शेवटी.

वस्तू पडल्याचं आत्ताच लक्षात आलं. सगळ्यात आधी काय करायचं?

चालत्या गाडीत चालकाने खाली वाकू नये. कडं किंवा बांगडी ब्रेकच्या पेडलखाली घरंगळली तर पेडल पूर्ण दाबलं जात नाही. गाडी बाजूला, शक्यतो सपाट जागी घ्या आणि इंजिन बंद करा.

त्यानंतर तीन गोष्टी टाळा. सीट पुढे-मागे सरकवू नका, पाठ कलती करू नका आणि दार झटक्यात उघडू नका. सीट आणि दार यांच्यामध्ये पडलेली वस्तू दार उघडताच उंबऱ्यावरून बाहेर जाते. मिरामार किंवा कळंगुटच्या वाळूत, नाहीतर रस्त्याकडेच्या तांबड्या मातीत गेलेली नाकातली चमकी पुन्हा दिसणं कठीण. म्हणून विरुद्ध बाजूच्या दाराने उतरा आणि संशय असलेल्या दाराखाली आधी चादर, शाल, टॉवेल, जे हाताशी असेल ते अंथरा. मगच ते दार हळूच, हाताने धरून उघडा.

पणजी–बेती किंवा रायबंदर–चोडण फेरीबोटीवर असाल तर शोध सुरूच करू नका. किनाऱ्याला लागून गाडी बाहेर काढेपर्यंत दारं बंद ठेवा.

नेमकी कुठे पडली असेल, याचा अंदाज कसा बांधायचा?

हात कुठे होता, ते आठवा. बेल्ट लावताना अंगठी निघाली असेल तर ती बकलच्या बाजूला, म्हणजे सीट आणि मधला कन्सोल (पुढच्या दोन सीटांमधला उंच भाग) यांच्या फटीत असते. ओढणी किंवा पदर बाहेर काढताना कुडी सुटली असेल तर दाराच्या बाजूला. केस सारखे करताना सुटली असेल तर सीटच्या पाठीवरून मागच्या पायांपाशी.

नंतर गाडी किती आणि कुठून चालली, तेही बघा. ब्रेक लागला की सुटी वस्तू पुढे सरकते, चढावर मागे. चोर्ला घाट चढून गेला असाल तर पुढच्या सीटखाली पडलेला मणी मागच्या मॅटखाली सापडू शकतो; घाट उतरून आला असाल तर पेडलांच्या बाजूला बघा. अंगठी घरंगळते, चेन जिथे पडली तिथेच गोळा होऊन राहते, मोती सगळ्यात लांब जातो.

आपल्याकडे एक जागा हमखास सुटते, ती म्हणजे वरून चढवलेलं सीट कव्हर. कव्हर आणि मूळ सीट यांच्यामधली इलॅस्टिकची दुमड, पाठीमागचा खिसा आणि बसायची गादी जिथे पाठीला मिळते ती शिवण बोटाने चाचपून घ्या. जाड मॅट बसवली असेल तर तिच्या उभ्या कडेमागेही वस्तू उतरते.

काय काय जवळ हवं?

एक प्रखर टॉर्च, पांढरी चादर, लांब चिमटा, टोकाला पंजा उघडणारी लवचीक स्प्रिंगची काडी, दुतोंडी चिकटपट्टी, पातळ पायमोजा आणि रबरबँड. मोबाइलला जोडायचा वायरीचा कॅमेरा मिळाला तर फार काम सोपं होतं, ५.५ मिमी जाडीचा घ्या, तो एसीच्या झरोक्यांतून आणि सीट ज्यावरून सरकते त्या रेलच्या बाजूने जातो. प्लॅस्टिक काढायला प्लॅस्टिकचीच पट्टी वापरा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने डॅशबोर्डवर ओरखडे पडतात.

टॉर्च वरून मारू नका. ती जमिनीला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि डोळाही तितकाच खाली आणा. आडव्या उजेडात बारीक मण्याचीही सावली लांब पडते आणि पैलू चमकतात. भर उन्हात ही चमक हरवते, म्हणून संध्याकाळनंतर पोर्चमध्ये शोधलेलं बरं.

चुंबक किंवा मेटल डिटेक्टर चालेल का?

सोनं, चांदी, मोती, पोवळं यांपैकी काहीही चुंबकाला लागत नाही. किल्ली, स्टीलचं कडं, सेफ्टी पिन यांच्यासाठी चुंबक ठीक. डिटेक्टर गाडीत निरुपयोगी आहे : फरशी, रेल, सीटच्या स्प्रिंगा सगळं लोखंडच, तो सगळीकडेच वाजतो.

सीट आणि कन्सोलच्या फटीत दिसते, पण हात जात नाही.

हात कोंबू नका. बोटांनी वस्तू आणखी खाली जाते आणि रेलची धार हात कापते. प्रवेश मागून करा : मागच्या जागेवर बसून, पुढच्या सीटखालून टॉर्च टाका. फटीत वरून न दिसणारी वस्तू मागून अनेकदा सरळ दिसते. पंजाच्या काडीने किंवा सपाट पट्टीच्या टोकाला दुतोंडी चिकटपट्टी लावून ती उचला. मोत्याला पंजाने धरू नका, चरा पडतो; चिकटपट्टीच वापरा.

सीटखाली मागच्या प्रवाशांच्या पायांसाठी हवेचं तोंड आहे का, तेही बघा. बऱ्याच गाड्यांत ते असतं, आणि मागे बसलेल्याच्या पायाने ढकललेली वस्तू त्यात जाते. त्या नळीत वस्तू सहसा तोंडापासून फार आत नसते.

चेन रेलमध्ये अडकली आहे. ओढू का?

नाही. रेलच्या आत कुलुपाचे दाते आणि गोळ्या असतात. ओढलं की कडी त्यात आणखी रुतते आणि मग तुटते. सीट शेवटी कोणत्या दिशेला सरकली होती ते आठवा आणि तिच्या उलट दिशेला एकेक खाच करत सरकवा. सरकवणारा एक आणि टॉर्च घेऊन बघणारा दुसरा, अशी दोन माणसं हवीत. बटणावर चालणाऱ्या सीटची मोटर चेन सहज कापते, म्हणून तिथे बटण क्षणभरच दाबा. सैल झालेली बाजू चिमट्याने धरून ठेवा. रेलच्या ग्रीसमध्ये वाळू मिसळून काळा लगदा झालेला असतो. चेन त्यात पूर्ण बुडाली असेल तर सीट काढणंच योग्य.

पुढची सीट घरी काढता येते का?

येते, पण आमचं मत स्पष्ट आहे : सीटमध्येच साइड एअरबॅग असेल आणि हे काम तुम्ही पूर्वी केलेलं नसेल तर वर्कशॉपमध्ये करून घ्या. सीट काढणं हे तिथे नेहमीचं काम आहे, आणि चूक झाली तर तिची किंमत त्या अंगठीहून मोठी असू शकते. अनुभव असेल तर क्रम असा.

इंजिन बंद करून, किल्ली काढून बॅटरीचं ऋण टोक सोडवा, बहुधा १० मिमीचा पाना लागतो. निदान ३ मिनिटं थांबा, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठलेली असते. बटणावरची सीट असेल तर बोल्ट दिसतील अशा जागी ती बॅटरी सोडवण्याआधीच आणून ठेवावी लागते. सीट सरकवण्यापूर्वी रेलमध्ये वस्तू नाही ना, हे कॅमेऱ्याने बघून घ्या.

सीट पूर्ण मागे घेऊन पुढचे दोन बोल्ट, पूर्ण पुढे घेऊन मागचे दोन. पुष्कळ मारुती, ह्युंदाई, टोयोटा गाड्यांत १४ मिमीचं सॉकेट बसतं. युरोपीय गाड्यांत चांदणीच्या आकाराचं टोक लागतं. बोल्टांवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतात, त्या आधी काढा. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत हे बोल्ट गंजतात. गंज सोडवणारा स्प्रे थोडासा मारा, १५–२० मिनिटं थांबा, मग जोर लावा. मोती किंवा पोवळं शोधत असाल तर हा स्प्रे वापरू नका, त्यांचं तेज जातं.

बोल्ट निघाले की सीट मागे कलती करून खालच्या वायरी बघा. पिवळं कनेक्टर एअरबॅगचं किंवा बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचं. गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, मग कुलूप उघडून कनेक्टर सोडवा. वायरीला धरून ओढू नका. पुष्कळदा सीट नुसती कलती करूनच वस्तू हाती लागते, मग कनेक्टरला हात लावायची गरजच पडत नाही. हाच मार्ग आम्ही आधी सुचवू.

पूर्ण बाहेर काढायची झाल्यास दोघांनी उचला. हेडरेस्ट आधी काढा आणि उंबऱ्यावर जुनी गोधडी टाका, म्हणजे रेलच्या टोकांनी रंग खरवडणार नाही.

परत लावताना चारही बोल्ट आधी हाताने फिरवून बसवा, एकही पूर्ण आवळू नका. दोन्ही रेल एकाच खाचेवर आहेत ना ते बघा; एक रेल एका खाचेने पुढे राहिली तर सीट वाकडी बसते आणि तिचं कुलूप लागत नाही. मग टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला आवळा. अपघातात माणसाला धरून ठेवणारे हेच चार बोल्ट आहेत, त्यांच्या बाबतीत अंदाज नको. शेवटी सगळे कनेक्टर जोडून मगच बॅटरी जोडा.

सीट परत लावल्यावर एअरबॅगचा दिवा विझत नाही.

एखादं कनेक्टर नीट बसलेलं नाही, किंवा ते सुटं असताना कोणीतरी इग्निशन चालू केलं होतं. बॅटरी पुन्हा सोडवून, थांबून, कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत बसवा. तरीही दिवा राहिला तर नोंदलेली चूक स्कॅनरने पुसावी लागते. तोपर्यंत अपघातात एअरबॅग उघडेलच असं धरून चालू नका, लवकर दाखवा.

मागच्या सीटच्या फटीत बाळाची बिंदली गेली.

मागची सीट पुढच्यापेक्षा सोपी. अनेक हॅचबॅक आणि सेदान गाड्यांत बसायची गादी पुढच्या कडेला दोन क्लिपांनी धरलेली असते. दोन्ही हात क्लिपांजवळ घालून सरळ वर झटका दिला की ती सुटते. काहींत क्लिपांऐवजी बोल्ट असतात. गादी काढताना बेल्टची बकलं तिच्या भोकांतून काढून घ्या, आणि गादीत तापवायच्या किंवा बेल्टच्या सूचकाच्या वायरी आहेत का ते बघून मगच उचला.

खाली धूळ, वेफर, नाणी यांच्यात बिंदली मिळेल. पुष्कळ गाड्यांत याच जागी टाकीतल्या पेट्रोल पंपाचं गोल झाकण असतं; ते उघडू नका. काही हायब्रिड गाड्यांत बॅटरीला हवा घेणारी जाळी मागच्या सीटजवळ असते, तिच्यात काही गेलं असेल तर सर्व्हिस सेंटर गाठा.

सहा-सात आसनी गाडीत सरकणाऱ्या मधल्या रांगेच्या रेल लांब असतात, त्यांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली छोट्या वस्तू सरकून बसतात.

मंगळसूत्र तुटलं, काळे मणी सगळीकडे गेले.

आधी वाट्या शोधा, मणी नंतर. ज्यांच्या गळ्यात होतं त्यांनी जागेवरून लगेच उठू नये. निम्मे मणी मांडीवर, पदरात आणि ब्लाउजमध्ये असतात. पदराची झोळी करून मगच उतरावं. मॅट जशीच्या तशी, सपाट उचलून चादरीवर ठेवा आणि तिथेच झटका. उरलेले मणी हाताला चिकटपट्टी उलटी गुंडाळून, गालिच्यावर टेकवत गोळा करा. जुन्या दोऱ्याचं तुटलेलं टोक जपून ठेवा, किती मणी गेले ते ओवणाऱ्याला त्यावरून कळतं.

व्हॅक्यूम लावला तर चालेल?

नळीच्या तोंडावर पायमोजा ताणून रबरबँडने घट्ट बांधा आणि मोजा थोडा आत ढकला. ओढलेली वस्तू त्या झोळीत अडकते. मशीन बंद करण्याआधी नळी चादरीवर आणा, नाहीतर ओढ संपताच वस्तू तिथेच पडेल. मोती आणि सैल खडा असलेल्या जुन्या नथीसाठी व्हॅक्यूम नकोच.

दाबाची हवा तर कधीच मारू नका. आता फटीत दिसणारी चमकी एका फवाऱ्यात गालिच्याखाली किंवा डॅशबोर्डच्या आत जाते. पाणीही नको, सीटखाली वायरी आहेत.

गाडी आधीच वॉशिंग सेंटरला धुऊन आली असेल तर तिथे लगेच फोन करा आणि व्हॅक्यूमचा ड्रम रिकामा करू नका असं सांगा. त्यातली माती पांढऱ्या चादरीवर पसरून, सुकवून रव्याच्या चाळणीने चाळा. पावसाळ्यात ती चिखलाचा गोळा झालेली असते; बादलीत पाणी घालून बारीक जाळीतून गाळा.

अंगठी डॅशबोर्डवरच्या झरोक्यातून आत गेली.

ब्लोअर बंद करा आणि हवेची दिशा बदलणारं बटण अजिबात फिरवू नका. त्या बटणाने आतल्या झडपा हलतात आणि वस्तू पुढच्या कप्प्यात जाते.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. बरेच जण लगेच ग्लोव्ह बॉक्स उघडून एसीचा फिल्टर काढतात. हवेचा प्रवास असा असतो : ब्लोअर, फिल्टर, बाष्पक (हवा थंड करणारा भाग), हीटर, झडपा आणि मग झरोके. काचेखालच्या किंवा समोरच्या झरोक्यातून पडलेली अंगठी झडपा आणि हीटरच्या बाजूला थांबते. फिल्टरच्या कप्प्यापर्यंत यायला तिला बाष्पकाच्या दाट पाकळ्या ओलांडाव्या लागतील, ते शक्य नाही. फिल्टरकडे बघायचं ते वस्तू बाहेरून, वायपरच्या मुळाशी असलेल्या जाळीतून पडली असेल तर.

तेव्हा वरूनच प्रयत्न करा. कॅमेरा सोडून वस्तू नळीच्या वळणावर थांबली आहे का बघा. अंगठी असेल तर जाड वायरीच्या टोकाला छोटा आकडा करून ओवता येते; कुडीसाठी वायरीच्या टोकाला चिकटपट्टी. वायरीचं दुसरं टोक मनगटाला बांधा, म्हणजे तीही आत जाणार नाही. समोरच्या झरोक्याची चौकट काही गाड्यांत प्लॅस्टिकच्या पट्टीने निघते आणि वाट मोठी होते.

हीटर आणि झडपांच्या पेटीत खाली गेलीच असेल तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ते मोठं काम आहे. वस्तू तिथे सुरक्षित असते, झिजत नाही; झडप अडत नसेल आणि खडखड नसेल तर थांबण्याचा पर्यायही विचारात घ्या. बाष्पक बदलायला कधी डॅशबोर्ड उघडला, तर मेकॅनिकला आधी सांगून ठेवा.

दाराच्या काचेच्या फटीतून खाली गेली.

काच वर असेल तर वरच राहू द्या. खाली-वर केल्यास काच उचलणाऱ्या यंत्रणेत वस्तू सापडते. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. त्यांतून चमकी किंवा फिरकी बाहेर पडू शकते, म्हणून खाली चादर हवीच आणि दार आपटणं बंद.

आतलं पॅनेल काढताना बॅटरी सोडवा, काही गाड्यांत दारात एअरबॅगचा दाबमापक असतो. हँडलच्या आतले आणि खोबणीतल्या टोपीमागचे स्क्रू काढा, खालच्या कडेपासून क्लिपा सोडवा, मग पॅनेल वर उचला. आत प्लॅस्टिकची पातळ शीट काळ्या चिकट पट्टीने लावलेली असते. ती फक्त खालच्या कोपऱ्यात, सावकाश सोडवा. परत लावताना कड सलग चिकटली पाहिजे. फट राहिली तर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गालिचा भिजतो. हात तळाशी घातलाच आहे तर भोकांत साचलेला चिखलही काढून टाका.

गिअरच्या किंवा हँडब्रेकच्या खाचेत गेली तर?

गिअरच्या दांड्याभोवतीचं कातडी आवरण चौकटीसकट वर निघतं. त्याखाली टॉर्चने बघा, पुष्कळदा वस्तू कन्सोलच्या आत गालिच्यावरच असते. हँडब्रेक खाली करायचा असेल तर आधी चाकांना दगड लावा.

चार्जिंगच्या सॉकेटमध्ये किंवा बेल्टच्या बकलमध्ये?

१२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये अंगठी गेली तर शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. इग्निशन बंद केल्यावरही काही गाड्यांत तिथे वीज राहते, म्हणून त्याचा फ्यूज काढून मग लाकडी काडी आणि चिकटपट्टी वापरा.

बकलमध्ये मणी किंवा खडा गेला तर बेल्ट लागल्यासारखा वाटतो पण धरत नाही. बकल खाली तोंड करून हलकेच हलवा. नाही निघाला तर खोचाखोच करू नका, बकल बदला. तोपर्यंत त्या जागेवर कोणालाही बसवू नका.

इलेक्ट्रिक गाडी आहे. वेगळी काळजी?

भगव्या रंगाच्या जाड वायरी आणि त्यांवरची झाकणं यांना हात लावायचा नाही. सीटखाली टॉर्चने बघणं, मॅट उचलणं इथपर्यंत ठीक. पॅनेल उघडायचं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच.

गाडी भाड्याची होती, किंवा टॅक्सीत पडली.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, स्वतः चालवायची भाड्याची गाडी असेल तर मालकाला तत्काळ कळवा. परत आलेली गाडी पुढच्या गिऱ्हाइकासाठी लगेच धुतली जाते. जागेचा अंदाज नेमका सांगा, ‘पुढची डावी सीट, कन्सोलच्या बाजूने’ असा, आणि धुण्याआधी बघायला सांगा. स्वतः पॅनेल उघडू नका.

टॅक्सी अ‍ॅपवरून बोलावली असेल तर प्रवासाच्या नोंदीत गाडीचा नंबर असतो. दाबोळी किंवा मोपा विमानतळावरच्या प्रीपेड काउंटरवरून घेतली असेल तर पावती बघा. विमान सुटण्याची वेळ झाली असेल तर वस्तूचा जुना फोटो चालकाला पाठवा. ‘सोन्याची छोटी कुडी’ यापेक्षा फोटोने शोध लवकर लागतो. आणि लक्षात असू द्या, गाडीच्या नेहमीच्या विम्यात आतल्या दागिन्यांची भरपाई मिळत नाही.

सापडली. आता स्वच्छ कशी करू?

सोन्याला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. बेसिनमध्ये धुऊ नका, वाटीत धुवा. मोती आणि पोवळ्याला साबण, स्पिरिट, सोडा काही नको. ओलसर मऊ कापडाने पुसून सावलीत वाळवा. चांदी काळी पडली असेल तर ती खराब झालेली नाही, सोनार उजळून देईल. कड्या ग्रीसने माखलेल्या असतील तर तसंच सोनाराकडे न्या आणि फासे, फिरकी, कोंदण तपासून घ्या, कारण जे एकदा सुटलं त्याचा आटा बहुधा झिजलेला असतो.

सगळं बघितलं, तरी मिळत नाही.

गाडीबाहेरच्या जागा बघा : पँटची दुमड, पर्सचं अस्तर, छत्रीच्या घड्या, डिकीतल्या पिशव्या. डिकीची फळी उचलून स्टेपनीच्या खळग्यात आणि स्टेपनीच्या मधल्या पोकळीत बघा. मग उंबऱ्याची प्लॅस्टिकची पट्टी वर काढून गालिच्याची कड उचला. तिथे फेसाच्या थराखाली वस्तू जाते.

त्यानंतरही नाही मिळाली तर पुढच्या सर्व्हिसिंगला जॉब कार्डवर वस्तूचं नाव, आकार आणि संशयित जागा लिहून घ्या, आणि व्हॅक्यूम करण्याआधी सीटखाली बघावं, अशी सूचना त्याच कागदावर टाका. तोंडी सांगितलेलं गाडी धुणाऱ्यापर्यंत पोचत नाही.